बंदूक दुरुस्तीक धाडलंय

३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, पालघर मागे पडल्यावर, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी दुपारी मी कणकवलीच्या एसटी स्टँडवर होते. पाऊस धो धो कोसळत होता, गाड्या रखडल्या होत्या आणि बाकावरच्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवर तीच बातमी होती. "डोक्यार परिणाम झालो आसतलो," एक गृहस्थ म्हणाले. आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. सावंतवाडीची गाडी लागली आणि विषय तिथेच संपला.

हे घडलं ते आपल्या कोकणाच्याच उत्तर टोकाला. मारले गेलेले तिन्ही प्रवासी मुस्लिम होते आणि एकाच डब्यात बसलेले नव्हते. पहिल्याच दिवशी अधिकाऱ्यांच्या तोंडून 'तापट स्वभाव', 'मानसिक ताण' असे शब्द बाहेर आले. पुढे आरोपपत्रात धर्माच्या नावाने तेढ पसरवण्याचं कलमही लागलं. खटला न्यायालयापुढे आहे आणि त्या शिपायाच्या मनाचं निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात माणसं निवडणाऱ्या हाताची उकल 'डोक्यावर परिणाम' या दोन शब्दांत होत असेल, तर मग द्वेषाचा हिशेब कुणी मांडायचा? चालत्या गाडीत, रात्रपाळीत, त्या माणसाच्या खांद्यावर स्वयंचलित बंदूक होती, त्याचा कुणी?

मला तो शब्द फार लागतो. आमच्या घरात खरोखरचा मनोरुग्ण होता आणि खरोखरची बंदूकही होती. दोन्ही एकाच छपराखाली.

बंदूक आजोबांच्या नावावर होती, नंतर वडिलांच्या नावावर झाली. ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. माजघरातल्या खुंटीवर असायची. दसऱ्याला कोयता, नांगराचा फाळ आणि ती एका ओळीत मांडून झेंडूची फुलं वाहिली जायची. धाकटे काका परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी काका एक ट्रंक घेऊन गावी परत आले. गणपतीला नवा शर्ट घालून, हातात मिठाईची खोकी घेऊन येणारे काका आम्हा पोरांना ठाऊक होते. हे काका वेगळे होते. पडवीतल्या बाकड्यावर बसायचे ते उठायचेच नाहीत. दाढी वाढली, जेवण तुटलं. रात्री खळ्यात येरझाऱ्या घालायचे. एकदा म्हणाले, "आता आपलो काय उपेग?" सगळ्यांनी ऐकलं. कुणीच काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी होती. वडिलांनी विचारलं तेव्हा आजी चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "बंदूक दुरुस्तीक धाडलंय."

दुरुस्तीला वगैरे काही गेली नव्हती. पलीकडच्या वाडीत आजोबांचे एक जुने सोबती होते, त्यांच्याकडेही परवान्याची बंदूक होती. आजीने पहाटे आमची बंदूक गोणपाटात गुंडाळून त्यांच्या माळ्यावर नेऊन ठेवली होती. बागेतल्या फवारणीच्या औषधाचे डबेही तिने मांगरातून हलवले होते. त्या वर्षी डुकरांनी खालच्या कुणग्यातलं भात लोळवलं. वडील चिडचिडले, आजीने ऐकून घेतलं. देवळात जाऊन तिने कौलही लावला, गाऱ्हाणंही घातलं, आणि तरीही सहा महिन्यांनी काकांना रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखवायला पाठवलं. लोक काय म्हणतील याची तिला भीती होती, पण तिने ती मनातच ठेवली. काका औषधांनी हळूहळू माणसांत आले. त्यांनी पंचवीस वर्षं कलमं राखली. आयुष्यात त्यांनी कुणाला चापटसुद्धा मारली नाही.

आजी शाळेत गेलेली नव्हती. तिने जे केलं ते बरोबर होतं हे जगाला आकड्यांनिशी कळायला आणखी दोन-तीन दशकं जावी लागली.

इस्रायलच्या सैन्यात तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना आपली बंदूक सोबत नेत असत. २००६ पासून ती तळावरच ठेवून जायचा नियम झाला. सैनिकांच्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घसरलं. घट झाली ती मुख्यत्वे आठवड्याच्या सुट्टीतल्या मृत्यूंत. मधल्या दिवसांत म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे माणसं 'आज नाही तर सोमवारी' असं करत नव्हती. ती वेळ टळली की बहुतेक जण वाचत होते. श्रीलंकेत १९९५ च्या सुमाराला आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वांत वाईट प्रमाणांपैकी होतं. तिथे अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि दहा वर्षांत ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लोक एका रात्रीत सुखी झाले नव्हते. मधल्या काळात तिथे यादवी युद्ध चालू होतं, त्सुनामी येऊन गेली. फक्त जीव घेण्याची वस्तू हातापासून थोडी लांब गेली होती.

बंदुकांच्या हिंसेबद्दल बोलताना आपण अमेरिकेकडे बोट दाखवतो. शाळेत घुसलेला मुलगा, बाजारातला गोळीबार, टीव्हीवरच्या त्या मेणबत्त्या. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो आणि डेटन इथे एका दिवसाच्या आत दोन हत्याकांडं झाली, तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी दोष मनोविकारावर आणि द्वेषावर टाकला, बंदुकीला सोडून दिलं. पण त्या देशाचा संपूर्ण हिशेब पाहिला तर चित्र वेगळं आहे. २०२३ साली तिथे बंदुकीने ४६,७२८ माणसं मेली. त्यांपैकी २७,३०० जणांनी स्वतःचा जीव घेतला. निम्म्याहून बरेच अधिक. बंदूक घरात येते ती चोराच्या भीतीने, आणि सर्वांत जास्त धोका ती घरातल्याच माणसाला करते.

ड्यूक विद्यापीठातले जेफ्री स्वान्सन हे या विषयावर कित्येक वर्षं काम करत आले आहेत. अमेरिकेतल्या पाहणीवरून त्यांनी मांडलेला अंदाज असा की सगळे गंभीर मनोविकार उद्या नाहीसे झाले, तरी समाजातला हिंसाचार चारेक टक्क्यांनीच कमी होईल. उरलेल्या शहाण्णव टक्क्यांची मुळं दुसरीकडे आहेत. दारूत आहेत, आधी केलेल्या मारहाणीत आहेत, घरातल्या बाईवर उगारलेल्या हातात आहेत, अपमान गिळून वर्षानुवर्षं धुमसत राहण्यात आहेत. मनोविकार झालेला माणूस मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांत जास्त सापडतो, हे तर कुठल्याही गावात डोळे उघडे ठेवून फिरलं तरी कळतं. बाजारात ज्याच्यावर पोरं दगड मारतात तो 'येडो' कुणाला दगड मारायला जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मानसिक आरोग्याचा आणि बंदुकीचा संबंध आहे, घट्ट आहे, पण आपण तो उलट्या बाजूने धरतो. दुसऱ्याला मारणाऱ्याला आपण वेडा ठरवतो आणि स्वतःला मारू पाहणाऱ्याच्या घरात बंदूक खुंटीवर तशीच ठेवतो.

कोकणात बंदुकीचा प्रश्न शहरासारखा नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यांची जुनी परंपरा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख करून सोय ठेवली, ती आपल्यासारख्या मुलखासाठीच. डुक्कर एका रात्रीत भाताचा चोथा करतं. वानर आणि केलडी नारळ, फणस, केळी काही ठेवत नाहीत. अलीकडे गवे खाली उतरतात. ज्याच्या बागेला राखण नाही त्याची बाग राहत नाही. म्हणून परवाने रद्द करा, बंदुका काढून घ्या, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पुण्यामुंबईत बसून असं म्हणणं सोपं आहे. एक हंगाम हातातून गेला की इथल्या माणसाच्या मनावर काय होतं हेही त्याच प्रश्नात येतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्तेने उरलीसुरली कलमं मोडली, आणि दोन महिन्यांत २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. पोफळीला उत्पन्न यायला लागेपर्यंत सात-आठ वर्षं जातात. पासष्टीच्या माणसाने आडवी झालेली बाग बघायची आणि मनाशी हिशेब करायचा, ही काय अवस्था असते ते बागायतदाराच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यात आपली घरं रिकामी. मुलगे वसई-विरार, डोंबिवलीला. म्हातारा-म्हातारी गावी, त्यांपैकी एक गेलं की दुसरं एकटं. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं आणि त्यानंतरची शांतता आधीपेक्षा वाईट असते. सातबारावर चाळीस-चाळीस नावं, त्यातली अर्धी मेलेल्यांची, आणि एका आंब्याच्या झाडावरून भावकीत दोन पिढ्यांचा अबोला. बांधावरचं भांडण कोर्टात जातं ते वीस वर्षं सुटत नाही. पोराला नोकरी नाही म्हणून लग्न जुळत नाही, लग्न नाही म्हणून संध्याकाळी बाटली. कुणाच्या गाईला काही झालं तर शेजारणीने करणी केली असा संशय. या सगळ्याला मनोविकार म्हणता येणार नाही. यातल्या कशावर गोळीही नाही, औषधाची नाही नि बंदुकीचीही नाही. पण याच मातीत एखाद्याचं मन खचतं, आणि एखाद्याचा राग पिकतो.

खचणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खचलेला माणूस बहुतेकदा गप्प होतो. ज्याचा राग पिकतो तो बोलून दाखवतो. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने १९७४ ते २००० या काळातल्या शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला, तेव्हा ८१ टक्के घटनांत कुणा ना कुणाला आधी कुणकुण लागलेली होती असं दिसलं. हे वाचताना मला आपली गावं आठवली. 'एक दिवस बघतंय तुका' हे कुणी कुणाला म्हटलं, किती वेळा म्हटलं, ते वाडीत सगळ्यांना माहीत असतं. बायकोला मारतो हे तर भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत लपत नाही. आपण त्याला 'त्यांच्या घरातला मामला' म्हणतो.

फेब्रुवारी २०२४ ची सुरुवात आठवा. २ तारखेला उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या दालनात, जमिनीच्या वादातून एका आमदाराने दुसऱ्या राजकीय कार्यकर्त्यावर गोळ्या झाडल्याचं प्रकरण झालं. ८ तारखेला बोरिवली-दहिसर भागात एका माजी नगरसेवकाला समाजमाध्यमावरचं थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या आणि मारणाऱ्याने नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं असं पोलिसांनी सांगितलं. जमीन, पैसा, जुना राग, प्रतिष्ठा. आणि हाताशी परवान्याचं हत्यार. ठाणे आणि मुंबई उपनगर सरकारी हिशेबात कोकण विभागातच येतात. या दोन्ही वेळी 'वेडा होता' हे कुणी म्हटलं नाही, कारण माणसं मोठी होती. वेड हा शब्द आपण लहान माणसांसाठी राखून ठेवतो.

स्वतःचा जीव घेणाऱ्यांचे आकडे आपल्या देशात मोठे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ साली १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, २२,७४६. देशातल्या या मृतांत दर दहांत सात पुरुष होते. कौटुंबिक प्रश्न आणि आजारपण ही दोनच कारणं मिळून निम्मी नोंद होते. बंदुकीने झालेल्या मृत्यूंचा त्यातला वाटा लहान आहे. मग मी बंदुकीवर का बोलतेय? ज्या घरात ती आहे, त्या घरात विचार बदलायला वेळच मिळत नाही. इतर काही मार्गांत कुणी दार ठोठावतं, कुणी दवाखान्यात नेतं, पोटातलं बाहेर काढतं. आणि दुसरं कारण असं की प्रत्येक परवान्याच्या बंदुकीची नोंद सरकारकडे आहे. कुठल्या गावात, कुणाच्या घरात, किती, हे सगळं कागदावर आहे. जिथे पोचणं इतकं सोपं आहे तिथेसुद्धा आपण पोचत नसू, तर बाकीच्या ठिकाणी कसे पोचणार?

आता निवडणुकीकडे येते. विधानसभा असो की जिल्हा परिषद, आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. ऐन डुकरांच्या दिवसांत शेतकरी बंदूक घेऊन एसटीने तालुक्याला जातो, पावती घेतो, निकालानंतर पुन्हा आणायला जातो. दरवेळी त्यावरून ओरड होते, निवेदनं दिली जातात, आणि ती ओरड रास्त आहे. ज्याच्यावर एक गुन्हा नाही अशा म्हाताऱ्या बागायतदाराकडून मतदानाला काय धोका? पण या कटकटीतून एक गोष्ट सिद्ध होते. तालुक्यातल्या बंदुका काही आठवडे घराबाहेर सुरक्षित ठेवणं, त्यांची पावती देणं, त्या परत करणं, हे सगळं प्रशासनाला जमतं. त्यासाठी कोठी आहे, रजिस्टर आहे, माणूस आहे. मग जे सरकार मतपेटीसाठी सबंध तालुक्याच्या बंदुका जमा करतं, त्याला एका घरासाठी तीन महिने एक बंदूक ठेवून घेता येऊ नये?

कायद्याने तसं अगदीच बंद नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे हत्यार जमा ठेवता येतं. पण प्रत्यक्षात काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या एका काकांची बायको गेली. त्यांचा मुलगा नालासोपाऱ्याला. त्याचा मला रात्री फोन आला, बाबा फोनवर विचित्र बोलतायत, घरात बंदूक आहे, काय करू? मी आणि माझा भाऊ दुसऱ्या दिवशी चौकशीला गेलो. उत्तर मिळालं, "लेखी तक्रार द्या, मग बघू." तक्रार कुणाविरुद्ध? ज्या बापाची काळजी वाटते त्याच्याविरुद्ध? तक्रार म्हणजे परवाना निलंबित, म्हणजे पुढे रद्द होण्याची भीती. आजोबांच्या वेळची बंदूक गेली ती परत घरात येईल याची खात्री नाही. मुलगा म्हणाला, राहू दे. शेवटी माझा भाऊ महिनाभर त्यांच्याकडे झोपायला गेला. सोबत म्हणून. नंतर ते ओरोसला डॉक्टरांकडे जायला तयार झाले. आज ठीक आहेत, मुलाकडे जाऊन-येऊन असतात. पण ते वाचले ते एका भावाच्या झोपेच्या जोरावर. व्यवस्था तिथे नव्हतीच.

आणि आजीने जे केलं ते आज कुणी केलं तर? ज्याच्या माळ्यावर ती बंदूक सापडेल तो शेजारी गुन्हेगार. त्याच्या परवान्यावर ती बंदूक नाही. धारकाच्या लेखी संमतीने दुरुस्तीसाठी हत्यार नेता येतं, एवढी एक फट कायद्यात आहे. आजीला ती ठाऊक नव्हती. तिने खोटं बोलायला निवडलेला शब्द मात्र नेमका तोच होता. जीव वाचवणाऱ्या बाईला खोटं बोलावं लागतं, यात दोष बाईचा नाही.

परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो. अर्जदार मनाने अस्थिर असेल तर परवाना नाकारता येतो आणि आधीचा असेल तर स्थगितही करता येतो. कागदावर हे योग्य दिसतं. पण मन म्हणजे उंची नव्हे, एकदा मोजली की झालं. ज्या दिवशी दाखला घेतला त्या दिवशी माणूस ठणठणीत असतो. बायको जाते ती दोन वर्षांनी, वादळ येतं तीन वर्षांनी. उलट, 'मनोरुग्ण' असा शिक्का बसला तर बंदूक जाते हे एकदा कळलं की बंदूक असलेला माणूस डॉक्टरकडे जाणारच नाही. आधीच आपल्याकडे जात नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत, १२ राज्यांत, उपचाराची गरज असून ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. त्यात ही भीती आणखी घातली तर हाती काय लागेल? म्हणून निदानाचा आणि परवान्याचा सांधा तोडायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नैराश्य आलेल्या प्रत्येकाची बंदूक काढून घ्यायची नाही. ती वाईट वेळ चालू असेल तेवढ्यापुरती, घरच्यांच्या सांगण्यावरून, ती घराबाहेर ठेवायची. तक्रार नको, गुन्हा नको, परवान्यावर शेरा नको. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा सक्तीची नको. पावती मात्र हवी, आणि परत मिळण्याची तारीख हवी.

ज्याने धमक्या दिल्या आहेत, बायकोला मारलं आहे, दारू पिऊन हत्यार बाहेर काढलं आहे, त्याची गोष्ट निराळी. तिथे आजारपणाची दया आड येऊ नये. तिथे परवाना थेट स्थगित व्हावा, आणि त्याच्यासाठी वेड लागण्याची वाट पाहू नये. आज उलटं होतं. मारहाण करणारा 'तसा चांगला माणूस' असतो आणि औषधाच्या गोळ्या खाणारा 'डोक्याचो'.

हे वेळीच कुणाला कळतं? घरातल्या बाईला. परवाना पुरुषाच्या नावावर असतो, पण रात्री कोण झोपत नाही, कोण जेवत नाही, कोण एकटाच पुटपुटतो, हे तिला दिसतं. तिच्यानंतर आशाताईला, जी दर महिन्याला उंबरठ्यावर येते. तिच्याकडे गरोदर बायकांची यादी असते, रक्तदाबाची असते. 'तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि घरात कुणी उदास आहे का', हे दोन प्रश्न तिच्या तोंडी यायला काय हरकत आहे? त्यासाठी तिला प्रशिक्षण हवं, आणि त्या कामाचा मोबदला हवा. आधीच तिच्यावर दुनियेची कामं टाकली आहेत, आणखी एक फुकट टाकू नये. पोलीसपाटील गावातलाच असतो. बंदूक पोचवायला तालुक्याला जावं लागू नये, निरोप त्याच्याकडे दिला तरी पुरावं.

आता रत्नागिरीचा मुद्दा. 'ह्येका रत्नांग्रीक न्हेवक व्हया' हे आपल्याकडे चिडवण्याचं वाक्य आहे. मुंबईकर ठाणे म्हणतात, आपण रत्नागिरी. त्या इस्पितळाने माझा काका परत दिला. तिथल्या नर्सने त्यांना पहिल्यांदा पुन्हा भात कालवून खायला लावला, असं ते शेवटपर्यंत सांगत. एका शहराचं नाव आपण शिवी करून टाकलं आणि त्यामुळे किती घरांनी आपला माणूस तिथे न्यायचं टाळलं असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. रत्नागिरी लांब वाटत असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांवर उपचार मिळतात. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डोंबिवलीतल्या मुलालाही त्यावर विचारता येतं की गावच्या बापाशी कसं बोलू.

काही जण म्हणतील, ज्याला जायचं तो जातोच, बंदूक नाही तर आणखी काही. इस्रायलचे ते सैनिक सोमवारी गेले नाहीत. माझे काका १९८३ च्या पावसाळ्यात गेले नाहीत. दुसरे म्हणतील, ही तर घरातली गोष्ट, सरकार मध्ये कशाला? सरकार आधीच मध्ये आहे. परवाना त्याने दिला, नूतनीकरणाचं शुल्क ते घेतं, निवडणुकीला बंदूक ते मागून घेतं. जीवाच्या वेळीच ते बाजूला का व्हावं?

एवढ्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी मनावर घेतलं तर एका परिपत्रकात यातलं बरंच बसतं. स्वखुशीने जमा केलेल्या बंदुकीची वेगळी नोंदवही, घरच्यांच्या साध्या अर्जावर तीन महिन्यांची ठेव, मुदत संपल्यावर विनाविलंब परत, आणि त्या नोंदीचा परवान्याच्या नूतनीकरणाशी संबंध नाही हे लेखी. पुढची निवडणूक येईल तेव्हा प्रत्येक परवानाधारकाच्या घरी शस्त्र जमा करण्याची नोटीस जाईलच. त्या कागदाची मागची बाजू कोरी असते. तिच्यावर ठळक अक्षरांत १४४१६ छापावं, त्याखाली लिहावं की निवडणूक नसतानाही, घरात कुणाचं मन ठीक नसेल तर, ही बंदूक आमच्याकडे ठेवून जाता येईल, कुणी कारण विचारणार नाही. आणि ती नोटीस परवानाधारकाच्या हातात देताना घरातल्या बाईलाही वाचून दाखवावी.